‘आठ महिने ९० टक्केच’ या तक्रारीला उत्तर

रामराम भाऊ. अडतीवर पट्टी, म्हणजे शेतकऱ्याच्या मालाची हिशेब-पावती, करायच्या आमच्या सॉफ्टवेअरला तुम्ही एकच स्टार दिलात आणि लिहिलंत, ‘नेट नसताना पट्टी करायची सोय दिवाळीला देतो म्हणाले. आठ महिने झाले, यादीत ९० टक्केच दिसतंय. ओपन सोर्स म्हणजे कुणीच जबाबदार नाही.’ आधी त्या ९० टक्क्यांचं सांगतो.

ही सोय आम्ही दहा कामांत वाटली होती. संपलेली कामं भागिले एकूण कामं, असा तो आकडा निघतो. गिटहब या कोड ठेवायच्या साइटवर माइलस्टोनची, म्हणजे एका टप्प्यातल्या कामांची, टक्केवारीही अशीच निघते. छापील पट्टीतलं अक्षर मोठं करणं हे एक काम, आणि दोन कॉम्प्युटरवरचा हिशेब जुळवणं हेही एकच काम. सोपी नऊ झाली, अवघड एक राहिलं. म्हणजे पोती मोजली, काटा केलाच नाही. नांदेडच्या मोंढ्यातल्या अडत्याला असला हिशेब दाखवला, ही आमची चूक. ती मला तुमच्या आधी दिसायला हवी होती.

राहिलेलं काम असं. सोयाबीनच्या आवकेत नेट गेलं की दोन्ही काट्यांवर पट्ट्या चालूच राहतात. दोन्हीकडे ४१२ नंबरची पट्टी तयार होते. शेतकरी वेगळा, वजन वेगळं, हमाली-तोलाई वेगळी. नेट आल्यावर ठेवायची कोणती? एकीवर दुसरी चढली तर कुणातरी शेतकऱ्याचा माल हिशेबातूनच जातो. म्हणून मी ही सोय घाईत सोडली नाही, आणि सोडणारही नाही.

उशिराचं दुसरं कारण मात्र आमचंच. हे काम एक विद्यार्थी फुकट करत होता. परीक्षेमुळे त्यानं जानेवारीत सोडलं, तसं कळवलंही. कामापुढे त्याचं नाव तसंच राहिलं, त्यामुळे बघणाऱ्याला वाटायचं, कुणीतरी करतंय. नाव काढणं माझं काम होतं. ओपन सोर्स म्हणून कोड सगळ्यांचा असला तरी तुमच्याकडून वर्षाची फी आम्ही घेतो. त्यामुळे जबाबदार मी आहे.

उशीर उघड सांगता येतो. २००६ साली उबुंटू या ओपन सोर्स ऑपरेटिंग सिस्टिमची एप्रिलची आवृत्ती सहा आठवडे पुढे गेली. त्यांच्या आवृत्तीच्या नंबरात वर्ष आणि महिना असतो, म्हणून ६.०४ ची ६.०६ झाली. पायथॉन या प्रोग्रॅमिंगच्या भाषेत बदलाच्या प्रत्येक प्रस्तावापुढे तो स्वीकारला, लांबणीवर टाकला की नाकारला, हे लिहिलेलं असतं. आम्ही दिवाळी उलटून गेल्यावरही गप्प बसलो.

टक्केवारी आता काढून टाकली आहे. प्रत्येक सोयीपुढे कोण करतंय, शेवटचा हात कधी लागला आणि अडलंय ते कशानं, हे दिसेल. ‘कोडमध्ये आलं’ आणि ‘तुमच्या दुकानातल्या आवृत्तीत आलं’ हेही वेगवेगळं लिहिलंय. या दोन्हींना आम्ही ‘झालं’ म्हणायचो, त्यातून बऱ्याच जणांची फसगत झाली.

तुमची सोय आज ‘अडलंय’ मध्ये आहे, नाव माझं आहे. प्रत्येक काट्याला वेगळी मालिका द्यायची, क-१, ख-१ अशी, हा उपाय चाचणीत चालला. पण काही अडत्यांना सगळ्या दुकानाचा एकच सलग नंबर हवा आहे, ते अजून सुटलेलं नाही. ते सुटेपर्यंत तारीख देत नाही. वेगळी मालिका चालत असेल, तर चाचणीची आवृत्ती लातूरहून येऊन मी स्वतः बसवून देतो, जुनं वहीपुस्तक सोबत चालू ठेवून. तुमच्याकडे काटे दोन आहेत की तीन, तेवढं कळवा.