आरांना कुणी शिकवलं नाही, हे खरं नाही

चित्रकार के. एच. आरा यांच्याबद्दलचा एक मजकूर सध्या व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतोय. सार असं : मुंबईत गाड्या पुसणारा मुलगा, कुणाचा आधार नाही, कुणी शिकवलं नाही, एका प्रदर्शनात रातोरात मोठा झाला, कला रक्तात असली की शिक्षण लागत नाही. माझ्या दादरच्या चित्रकलेच्या वर्गातल्या एका मुलीच्या आईने तो मला पाठवला आणि विचारलं, "सर, मग हिला चित्रकलेच्या इंटरमिजिएट परीक्षेला बसवायचंच कशाला?" आरा माझे फार आवडते चित्रकार आहेत, म्हणून सविस्तर उत्तर देतो.

गाड्या पुसल्याचं खरं आहे. 1914 साली हैदराबादजवळच्या बोलारममध्ये जन्म, आई लहानपणीच गेली, सातव्या वर्षी घर सोडून मुंबई गाठली. घरकाम केलं, गाड्या पुसल्या. मिठाच्या सत्याग्रहात तुरुंगवासही भोगला.

पण 'रातोरात'? त्यांचं पहिलं एकल प्रदर्शन 1942 सालचं. मुंबईत पाऊल ठेवल्यापासून तोवर वीस वर्षं उलटली होती. ही वीस वर्षं मजकुरातून गाळली की गोष्ट चमत्काराची होते आणि त्या माणसाचे कष्ट मात्र पुसले जातात.

'कुणाचा आधार नाही' हे वाक्य मला सगळ्यात जास्त खटकलं. आरांची चित्रं रुडी फॉन लायडन यांच्या नजरेत आली. ते टाइम्स ऑफ इंडियाचे कलासमीक्षक. त्याच वर्तमानपत्राचे कलासंचालक वॉल्टर लँगहॅमर यांनी आरांना उत्तेजन दिलं. लँगहॅमर यांच्या घरी तरुण चित्रकारांची ऊठबस असे, युरोपातल्या चित्रकारांवर तिथे तासन्‌तास बोलणं होई. तिसरे इमॅन्युएल श्लेसिंगर. ते या मुलांची चित्रं पैसे मोजून विकत घेत. तिघेही हिटलरच्या राजवटीमुळे जर्मनी-ऑस्ट्रियातून मुंबईत आलेले. बोलारमहून पळून आलेल्या मुलाच्या चित्रांत काय आहे ते या परक्या देशातून आलेल्या माणसांनी ओळखलं, ही या शहराची केवढी मोठी गोष्ट आहे! आणि आपण नेमकी तीच गाळून मजकूर पुढे ढकलतो.

आता 'कुणी शिकवलं नाही'. मुंबईच्या जे.जे. कला महाविद्यालयाची पदविका आरांकडे नव्हती, हे कबूल. पण त्यांच्या फुलदाण्या, सुरया जवळून बघा. जलरंग त्यांनी तैलरंगासारखा जाड लावलाय. माझ्या वर्गात कुणी पोस्टर कलर असा थापला की वाळल्यावर तडे जातात, कागद फुगतो. पाणी किती, रंग किती, पहिला थर कितपत वाळू द्यायचा, हे हाताला कळायला शेकडो कागद वाया जावे लागतात. त्यांच्या वस्तुचित्रांत फ्रेंच चित्रकार सेझानचा अभ्यासही स्पष्ट दिसतो. वर्गात बसून नसेल, पण हा माणूस शिकलाच होता, आणि कसून शिकला होता. 1944 साली गव्हर्नरचं पारितोषिक आणि 1952 साली 'टू जग्ज' या चित्रासाठी बॉम्बे आर्ट सोसायटीचं सुवर्णपदक त्याशिवाय मिळालं नसतं.

राहिला शेवटचा मुद्दा, शिक्षण लागत नाही हा. 1947 साली प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुप हा मुंबईतल्या आधुनिक चित्रकारांचा गट उभा राहिला तेव्हा आरांबरोबर सूझा, रझा, बाक्रे होते. तिघेही जे.जे.त शिकलेले, सूझांना तिथून काढून टाकलं ही गोष्ट वेगळी. हुसेन आणि गाडे हे बाकीचे दोघे. शिकलेले आणि स्वतःहून घडलेले एकाच टेबलाशी बसून एकमेकांची चित्रं तपासत होते. त्या टेबलापेक्षा चांगला वर्ग मला तरी माहीत नाही.

आणि आरांनी पुढे काय केलं? काळा घोड्याच्या आर्टिस्ट्स सेंटरचं काम त्यांनी अनेक वर्षं पाहिलं, नव्या चित्रकारांना हात दिला. 1985 साली ते मुंबईतच गेले. आधाराशिवाय सगळं जमतं असं त्यांना स्वतःला वाटत असतं, तर त्यांनी यात इतकी वर्षं घातली नसती.

त्या ताईंना मी कळवलं : परीक्षेचा फॉर्म भरायचा की नाही ते तुम्ही ठरवा. पण येत्या रविवारी लेकीला घेऊन काळा घोड्याला या. आधी जहांगीर आर्ट गॅलरी, मग समोरची नॅशनल गॅलरी ऑफ मॉडर्न आर्ट. स्केचबुक आणि दोन पेन्सिली बरोबर असू द्या.