बोल्ट-ऑन म्हणे!

बोल्ट-ऑन म्हणजे कापाकापी नाही, वेल्डिंग नाही, नुसते बोल्ट आवळले की बसणारी वस्तू. यापुढे कोणी माझ्यासमोर "बोल्ट-ऑन" हा शब्द काढला, तर त्याच्या हातात पाना देणार आणि सांगणार, ये बाबा, कर बोल्ट. आत्ता, माझ्या डोळ्यांदेखत. मी चहा सांगतो.

माझ्या जिप्सीसाठी मागचा ॲक्सल मागवला, म्हणजे मागची दोन चाकं ज्यावर असतात तो अख्खा आस. 1 लाख 10 हजार रुपये. वर ट्रान्सपोर्ट टू-पे, म्हणजे भाडंही मीच भरायचं. आमच्या नाशिकच्या द्वारका भागातल्या गोडाऊनमध्ये बिल्टी, म्हणजे मालाची पावती, दाखवली तर तिथला माणूस म्हणतो, हमाली वेगळी. दिली. लाकडी पेटी टेम्पोत चढवायला चार जण लागले. मी मागे दुचाकीवर, लग्नाच्या वरातीत नवरदेवाच्या मागे निघालेल्या करवल्यासारखा, तोंडभर हसत. आता ते आठवलं की स्वतःच्याच कानफटात मारावीशी वाटते.

गाडी मारुतीची जिप्सी किंग, 1998 ची. रोजच्या रस्त्यावर मी तिला आणत नाही, टेम्पोवर टाकून ऑटोक्रॉसला, म्हणजे मैदानातल्या शर्यतीला, आणि पावसाळ्यात चिखलात खेळायला नेतो. गेल्या पावसाळ्यात हरसूलच्या अलीकडे एका ओढ्यात मागचा एक शाफ्ट, म्हणजे ॲक्सलच्या आतला चाक फिरवणारा दांडा, तुटला. तुटला तो माझ्याच चुकीने. मोठे टायर, लो रेंज म्हणजे सगळ्यात ताकदीचा गिअर, चाक दगडात अडकलेलं आणि मी वर पाय दाबून बसलेलो. शाफ्टच्या स्प्लाइन, म्हणजे टोकाच्या खाचा, जिलेबीसारख्या पिळल्या आणि मग कट्‌. जुन्या बाजारातून एक शाफ्ट आणून गाडी तात्पुरती चालती केली, पण डोक्यात किडा शिरला होता: आता मागचा अख्खा ॲक्सलच दणकट घ्यायचा. जाड नळीचं हाऊसिंग म्हणजे बाहेरचं कवच, 4340 क्रोमोली या कणखर पोलादाचे शाफ्ट, ड्रमच्या जागी डिस्क ब्रेक. सगळं जुळवून तयार.

वस्तू कुठल्या शहरातून मागवली ते सांगत नाही, विक्रेत्याचं नावही नाही. फोनवर मी मॉडेल सांगितलं, साल सांगितलं, वाइड ट्रॅक आहे हे दोनदा सांगितलं. 1993 च्या आधीच्या जिप्सीची चाकं आत, नंतरच्या जिप्सीत डाव्या-उजव्या चाकांमधलं अंतर 90 मिलिमीटरने जास्त, हे जिप्सीवाल्याला पाढ्यासारखं पाठ असतं. तो म्हणाला, "हो हो सर, माहितेय. पेट्रोल आहे की डिझेल?"

तिथेच फोन ठेवायला हवा होता. मारुतीने डिझेल जिप्सी कधी काढलीच नाही! पण माणसाला एखादी वस्तू हवीच असते ना, तेव्हा कान आपोआप बंद होतात. मी म्हणालो, "पेट्रोल." आणि पैसे पाठवले.

रविवारी सकाळी भद्रकालीच्या मागे आमच्या चाचांच्या गॅरेजला गाडी घोड्यांवर, म्हणजे लोखंडी स्टँडवर घेतली. चाचा चाळीस वर्षं कमानपाट्याच्या (लीफ स्प्रिंगच्या) गाड्या उघडतायत, जीप, टेम्पो, जिप्सी, सगळं. जुना ॲक्सल दोन तासांत खाली. पाटे पुसले, ते ॲक्सलला आवळणारे यू-बोल्ट नवे आणलेले. नवा ॲक्सल चौघांनी जॅकवर चढवला. डाव्या पाट्याच्या सेंटर बोल्टचं डोकं नव्या ॲक्सलच्या पॅडच्या भोकात टुक्‌ करून बसलं. काय आवाज होता तो! मी मोबाईल काढून व्हिडिओसुद्धा सुरू केला.

मग उजवी बाजू. बोल्टचं डोकं इथे, भोक तिथे. मध्ये दोन सूत. सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, तेव्हा दोन सूत म्हणजे सहा मिलिमीटरच्या वर. मला वाटलं, पाटा सरकला असेल. पहार घालून ढकललं. पाटा हलला, भोक काही जवळ आलं नाही. चाचांनी मला बाजूला केलं, मोबाईल मागितला, त्यातलं लेव्हलचं ॲप उघडायला सांगितलं आणि डाव्या पॅडवर ठेवला. शून्य. उजव्या पॅडवर ठेवला. तीन अंश.

परत ठेवला. तीनच.

ज्यांना यातलं कळत नाही त्यांच्यासाठी सांगतो. हे दोन पॅड म्हणजे ॲक्सलच्या नळीवर वेल्ड केलेल्या दोन बैठका, यांनाच कमानपाटे टेकतात. दोन्ही एका सपाटीत हवेत. एक सरळ आणि एक तीन अंश तिरका असेल, तर यू-बोल्ट आवळताच एक पाटा पिळला जाणार. पिळलेला पाटा आज ना उद्या मोडणार. शिवाय या बैठकांवरच ठरतं की मधल्या पिनियनचं, म्हणजे इंजिनाकडून येणारा दांडा जिथे जोडतात त्या दात्याचं, तोंड कुठे बघणार. हा दांडा म्हणजे प्रोपेलर शाफ्ट. त्याच्या दोन्ही टोकांचे क्रॉस, म्हणजे वाकणारे सांधे, सारख्या कोनात नसले तर ॲक्सलकडचं टोक एका फेऱ्यात दोनदा पळतं, दोनदा मागे राहतं, आणि ती थरथर सीटखालून थेट मणक्यात येते. इथे डावा पॅड खरा धरावा तर पिनियन आभाळाकडे बघतोय, उजवा धरावा तर जमिनीकडे. कुणाचं खरं मानायचं, सांगा!

चाचांनी बिडी पेटवली. दोन झुरके मारले. म्हणाले, "भाऊ, हे कोणी गाडीला लावून पाहिलेलंच नाही."

एवढंच. आणि तेव्हापासून माझं डोकं फिरलंय ते फिरलंयच. कारण चाचांचं शंभर टक्के खरं होतं. ही वस्तू बनवणाऱ्याने, पॅक करणाऱ्याने, विकणाऱ्याने, कोणीही एकदाही जिप्सीखाली घालून पाहिली नव्हती. जिगवर, म्हणजे माप धरून ठेवणाऱ्या साच्यावर, ठेवून वेल्ड केली असती तरी दोन पॅड वेगळ्या दिशांना बघत बसले नसते. कोणीतरी नळी बाकावर ठेवली, डोळ्याच्या अंदाजाने पॅड ठेवला आणि चर्र. रंग मात्र काय झकास! पावडर कोटिंग, चकाचक काळं, वर लाल स्टिकर. रंगाला माप लागत नाही ना.

बाकीचं भराभर सांगतो, नाहीतर रक्तदाब वाढतो. 15 इंची रिममध्ये कॅलिपर, म्हणजे डिस्क ब्रेकचा चिमटा, घासतो. त्यावर उपाय म्हणून पेटीत चाक बाहेर सरकवणाऱ्या दोन चकत्या, स्पेसर, "फ्री" टाकलेल्या! म्हणजे घासतो हे त्यांना आधीच ठाऊक. ब्रेकच्या पाइपचं तोंड उलट्या बाजूला. आणि हँडब्रेक? नाहीच. केबल नाही, लिव्हर नाही, काही नाही. विचारलं तर उत्तर: "सर, ऑफ-रोडला हँडब्रेक कोण लावतं?" कसारा घाटात उतारावर गाडी उभी करून मी तुलाच बोलावतो हं, चाकाखाली दगड म्हणून.

पण सगळ्यात जास्त संताप कशाचा आला ते ऐका. जिप्सीचा मागचा ॲक्सल सेमी-फ्लोटिंग. म्हणजे चाक थेट शाफ्टवर, आणि शाफ्ट बाहेर येऊ नये म्हणून बेअरिंगच्या मागे एक कॉलर प्रेसने ठोकून बसवलेली असते. एकदा बसली की ती शाफ्टला अशी घट्ट धरते की काढायची झाली तर ग्राइंडर लागतो. ती सुटली तर शाफ्ट चाकासकट बाहेर. चाचांनी उजवा शाफ्ट बाहेर ओढून बघितला. कॉलर अंगठ्याने सरकली. अंगठ्याने! चाचांनी ती बोटात अंगठीसारखी फिरवली आणि माझ्याकडे बघितलं. मी व्हिडिओ बंद केला.

ही कॉलर तशीच लावून मी मैदानात गेलो असतो तर? माझ्या शेजारी नेव्हिगेटर म्हणून माझा मेहुणा बसतो. बहिणीला काय तोंड दाखवलं असतं?

विक्रेत्याला फोन केला. पहिलं वाक्य, "सर, थोडं ॲडजस्टमेंट तर लागतंच." दुसरं, "पट्टा लावून ओढा ना, येईल." मी म्हणालो, तीन अंश पट्ट्याने कसे ओढू, ॲक्सल आहे, पायजम्याची नाडी नाही. मग तिसरं वाक्य, जे या लोकांच्या खिशात कायम तयार असतं: "तुमची चासीच वाकडी असेल. जुनी गाडी आहे."

अच्छा. माझी चासी वाकडी! चाचांनी काही न बोलता जुना ॲक्सल परत उचलायला लावला. कंपनीचा, 1998 चा, गंजलेला, डेंट पडलेला. डावं भोक टुक्‌. उजवं भोक टुक्‌. वीस मिनिटांत चारही यू-बोल्ट हाताने फिरले. त्याचा व्हिडिओ मात्र पूर्ण काढला आणि पाठवला. दोन निळ्या टिका आल्या. उत्तर आलं नाही.

नाशिकमध्ये राहून हे सहन करायचं म्हणजे हद्द आहे. अरे, ओझरला सुखोई जुळवतात. सातपूरला डिझेलच्या नोझल मायक्रॉनमध्ये घासतात. थार इथे बनते. अंबडमध्ये गल्लीगल्लीत असे टर्नर आहेत की केसाच्या जाडीचा फरक नखाने सांगतील. आणि मी शहाण्याने वस्तू मागवली कुठून, तर मोबाईलवर छान फोटो दिसला म्हणून बाहेरगावाहून!

अंबडच्या एका फॅब्रिकेशनवाल्याकडे गेलो. त्याने प्रामाणिकपणे सांगितलं की पॅड कापून परत लावता येतील, पण नळीवर वेल्ड मारला की नळी त्या बाजूला ओढली जाते. आधीच कोणी बेफिकीर मारलाय, तेव्हा आत्ताच ती वाकलेली असणार. बेअरिंगच्या दोन टोकांमधून सरळ बार घालून बघावं लागेल, मग थोडं थोडं थांबत थांबत वेल्ड, मग परत बार. नाहीतर सील गळत राहणार आणि बेअरिंग खात राहणार. खर्च विचारला. तो हसला आणि म्हणाला, "नवीनच बनवून देतो की त्यापेक्षा."

परत पाठवायचं म्हटलं तर 20 टक्के कापणार, भाडं माझं, आणि "पॅकिंग उघडलंय म्हणून बघावं लागेल." पॅकिंग न उघडता कोणता ॲक्सल बसतो, जगात दाखवा मला.

आता कोणी म्हणेल, ग्राहक आयोगात जा. 2019 च्या कायद्याने तक्रार आपल्या राहत्या जिल्ह्यात करता येते, हे मला माहीत आहे. पण पावतीवर खाली मुंगीएवढ्या अक्षरांत छापलंय, फक्त ऑफ-रोड वापरासाठी, कोणतीही वॉरंटी नाही. आणि मोटार वाहन कायद्याचं कलम 52 आहेच, कंपनीने दिलेल्या गाडीत असे बदल करायचे नाहीत. 2019 च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयानेही तेच सांगितलं. आता माझ्यासारखा माणूस आयोगासमोर उभा राहून काय सांगणार, साहेब, मी जे करायला नको ते करत होतो, ते नीट झालं नाही? विकणाऱ्याला हे पक्कं ठाऊक असतं. गिऱ्हाईक बोंबलेल, ग्रुपवर शिव्या देईल आणि गप्प बसेल. याच भरवशावर अंगठ्याने सरकणाऱ्या कॉलर पेटीत भरल्या जातात. तरी मी कागदपत्रं जमवतोय. कॉलरचा व्हिडिओ दाखवायला मला कोणतंही कलम आडवं येत नाही.

तोवर ॲक्सल आमच्या बिल्डिंगच्या पार्किंगमध्ये पडलाय. सेक्रेटरीकाकांनी दोनदा विचारलं, "हे काय आहे रे, कोणाचं आहे?" आईने त्याच्या एका टोकावर तुळशीची कुंडी ठेवलीय. म्हणाली, "निदान सपाट तरी आहे." नेमका डावा पॅड आहे तो.

आणि काल संध्याकाळी फोन. तोच नंबर. मला वाटलं, आली अक्कल, पैसे परत देतोय. आवाज एकदम गोड. "सर, तुमच्या मिस्त्रींनी मापं घेतली होती ना, किती एमएम सरकवावं लागतं ते? जरा व्हॉट्सॲप करता का? अजून एका जिप्सीवाल्याची ऑर्डर आलीय."

मी त्याला काय म्हणालो ते इथे लिहिता येणार नाही. चाचा शेजारीच बसले होते. ते म्हणाले, "भाऊ, एवढ्या शिव्या तर मलापण येत नाहीत."