मामांच्या पियानोचा भाव

हिंदू कॉलनीतली मामीची इमारत पुनर्विकासाला गेली. कपाटं, पलंग, पितळेची भांडी यांची वाटणी दोन दिवसांत झाली. उरला मामांचा ग्रँड पियानो. लाइपझिगचा ब्लूथनर, लांबी 190 सेंटिमीटर, मुक्काम दुसरा मजला, लिफ्ट नाही. एका पारशी कुटुंबाकडून मामांनी तो घेतला, तेव्हा आजोबांनी महिनाभर अबोला धरला होता म्हणे.

मामेभावाने न्यू जर्सीहून लिंक धाडली. हीच कंपनी, हाच आकार, 38 हजार डॉलर! मामीने मनातल्या मनात गुणाकार केला आणि माझ्या चहात दोनदा साखर घातली.

माझं मत स्पष्ट सांगते. जाहिरातीतला आकडा ही विकणाऱ्याची इच्छा असते, सौदा कितीला पटला ते तिथे कोणी लिहीत नाही. शिवाय तो पियानो तारा, हातोड्या, पॉलिश सगळं नवं करून विकायला ठेवलेला. आमचा शेवटचा सुरात लावला 1994 साली.

उलट टोकही बघितलं. एक दुकानदार आला (नाव घेत नाही), झाकणही न उघडता म्हणाला, "भंगार आहे, फुकट उचलून नेतो." भंगार उचलायची एवढी घाई कोणाला असते का? जो घेणार त्यालाच किंमत विचारायची, ही आपली जुनी खोड. घरातलं सोनं मोडतानाही आपण हेच करतो.

मग पियानो सुरात लावणाऱ्या, वांद्र्याच्या एका वयस्क ट्यूनरना फी ठरवून बोलावलं. आधीच विचारून घेतलं, तुम्ही स्वतः घेणार नाही ना? ते हसले आणि बॅटरी घेऊन पियानोखाली शिरले. खालून आवाज आला, "शिवणाचा दोरा आहे?" मामीने रीळ दिलं. साउंडबोर्डच्या खाली त्यांनी दोरा या कडेपासून त्या कडेपर्यंत ताणून धरला. ही लाकडाची फळी मधे वरच्या बाजूला किंचित फुगीर हवी, म्हणजे दोरा आणि लाकूड यांत फट दिसते. दिसली. एक चीरही होती, पण तिचं त्यांना फारसं काही वाटलं नाही. चीर बुजवता येते, फुगीरपणा गेला की आवाजातला जीव जातो, म्हणाले.

खरी बातमी पिनब्लॉकची होती. पियानोत 230 च्या आसपास तारा, सगळ्यांचा मिळून ताण 18-20 टनांच्या घरात. तो पेलते बिडाची चौकट, पण तारेचा खुंटा ज्या लाकडात घट्ट बसायला हवा तो हा पिनब्लॉक. चावी लावून त्यांनी एकेक खुंटा फिरवून पाहिला. खर्जातले दहाबारा लोण्यात खुपसल्यासारखे फिरले. मुंबईची हवा, दुसरं काय! फेल्टला, म्हणजे दाबलेल्या लोकरीला, कसर, तारांना गंज. वाळवी मात्र नव्हती, देवाची कृपा.

मामी अभिमानाने म्हणाली, "पट्ट्या हस्तिदंती आहेत हं." मला घाम फुटला. हस्तिदंताने भाव वाढतो ही समजूत अजून आहे, पण 1986 आणि 1991 च्या दुरुस्त्यांनंतर वन्यजीव कायद्याने आपल्याकडे त्याचा व्यापारच बंद आहे. ट्यूनरांनी बॅटरी तिरपी धरली. हस्तिदंती पट्टी सहसा दोन तुकड्यांची असते, मधे केसासारखी सांध्याची रेघ दिसते आणि आत बारीक रेषा. इथे काहीच नाही. मामांच्या आधीच कोणीतरी प्लास्टिक बसवलेलं. मामीचा चेहरा पडला, माझा जीव भांड्यात पडला.

ब्लूथनरची एक गंमत सांगायलाच हवी. वरच्या सप्तकांत प्रत्येक सुराला तीनऐवजी चार तारा. चौथीला हातोडी लागतच नाही, ती नुसती सोबतीने झंकारते. सतारीच्या तरफा म्हणा ना! हे ऐकून गिऱ्हाईक भाळतं. पण क्रमांकावरून आमच्या पियानोचं साल निघालं 1912, आणि त्या काळच्या ब्लूथनरमध्ये पट्टी दाबली की हातोडी हलवणारी कंपनीची स्वतःची वेगळी यंत्रणा असायची. आमच्यातही तीच आहे. ती दुरुस्त करणारे हात कमी, म्हणून किंमत परत खाली. वीस वर्षांचा यामाहाचा पियानो असता तर आठवड्यात गेला असता.

हिशेब शेवटी ट्यूनरांनी वर्तमानपत्राच्या कडेला मांडला. नीट करून मुंबईत फार तर 12 लाख येतील. खुंटे, तारा, हातोड्या, फेल्ट यांचे साडेसहा लाख वजा. खिडकीचं ग्रिल कापून साखळी-कप्पीने उतरवायचे आणि नेण्याचे 60 हजार वजा. जो एवढी खटपट करणार त्याचा नफा आणि जोखीम, तीन लाख. राहिले दोनाच्या खाली. मामीने तो कागद दोनदा वाचला. "आणि पन्नास वर्षांचं बसणं?" असं म्हणाली, मग स्वतःच हसली.

मामेभाऊ रुसलाय. फुकट शाळेला द्या म्हणतो. उतरवण्याचा खर्च आणि दुरुस्ती शाळेच्या गळ्यात घालायची आणि वर फलक लावून घ्यायचा, हे मला पटत नाही.

आम्ही भाव लावलाय दोन लाख, पावणेदोनपर्यंत उतरू. स्टूल विकायचं नाही, ते मामीने आधीच आतल्या खोलीत नेऊन ठेवलंय. रविवारी एक संगीतशिक्षिका बघायला येतेय. मामीने बजावलंय, "बोलणी तू कर. मी आत पोहे करत असेन, आणि ती वाजवायला बसली तर मिक्सर लावीन."