सरकारी लिलावात कवडीमोलाने वाडा मिळवण्याचे सोपे उपाय

"थकबाकीच्या लिलावात दोन कोटींचा वाडा पाच लाखांत!" परवा पुन्हा हा फॉरवर्ड आला, खाली कोर्सची लिंक. ज्यांचं बोली लावायचं ठरलंच आहे, त्यांच्यासाठी काही सूचना.

वाडा रस्त्यावरूनच बघा. कुलूप गंजलंय, भिंतीत पिंपळ उगवलाय, म्हणजे मालक मेला आणि वारस नाहीत हे सिद्ध झालं. मागच्या बोळात जाऊ नका. तिथे विजेचा मीटर फिरत असतो आणि दोरीवर कपडे वाळत असतात.

लिलावाचा जाहीरनामा वाचू नका. मूड जातो.

शेतजमीन स्वस्त दिसली तर आधी तीच उचला. कूळकायद्याच्या कलम 63 मध्ये महसूल थकबाकीच्या लिलावाचाही स्पष्ट उल्लेख आहे. तुम्ही शेतकरी नसाल आणि परवानगी नसेल तर ती विक्री अवैध. पण कायदा इतरांसाठी असतो.

बोली मात्र छाती काढून लावा. समजा, वीस लाखांवर तुमचं नाव पुकारलं गेलं. जमीन महसूल संहिता, 1966 प्रमाणे 25 टक्के, म्हणजे पाच लाख, तिथल्या तिथे भरायचे. लगेच पेढे वाटा, आर्किटेक्ट गाठा. कारण विक्रीपासून 30 दिवसांत मूळ मालक किंवा हितसंबंध असलेला कुणीही थकबाकी, लिलावाचा खर्च आणि तुमच्यासाठी बोलीच्या 5 टक्के रक्कम भरून विक्री रद्द करून घेऊ शकतो, हे कोर्समध्ये नसतं. वीस वर्षं न फिरकलेला पुतण्या नेमका एकोणतिसाव्या दिवशी उगवतो. तुमच्या हाती एक लाख आणि आर्किटेक्टचं बिल. पुतण्या नाही आला, तर नोटीस नीट बजावलीच नव्हती म्हणून दुसरा कुणी अर्ज करतो. त्यालाही तेच 30 दिवस. हे सगळं निपटेपर्यंत विक्री कायम होत नाही, आणि कायम झाली तरी अपिलं आहेतच. दरम्यान उरलेले पंधरा लाख मुदतीत नाही जमले तर? आधी भरलेले पाच लाख सरकारजमा होऊ शकतात, फेरलिलाव होतो, आणि त्यात कमी किंमत आली तर फरक तुमच्याकडून जमीन महसुलाच्या थकबाकीसारखा वसूल. म्हणजे आता थकबाकीदार तुम्ही! पुढच्या लिलावात तुमचाच फ्लॅट असू द्या, कुणाला तरी पाच लाखांत मिळेल.

भाडेकरूची चिंता नको. भाडे नियंत्रण कायदा 1999 चा आहे, भाडेकरू त्याच्या आजोबांपासूनचा. दोघांनाही घाई नाही.

पुरे झालं. अहो, बंद घर म्हणजे बेवारस घर नव्हे! बहुतेक वाडे बंद पडतात ते भावाभावांच्या वाटणीच्या भांडणात. मिळकतपत्रिकेवर, म्हणजे जागेच्या मालकीच्या सरकारी नोंदीवर, अजून आजोबांचंच नाव असतं, वारसनोंद कुणी केलेली नसते, आणि कर मी एकट्यानेच का भरू म्हणून कुणीच भरत नाही. विक्री प्रमाणपत्र हातात आलं म्हणून आतला माणूस तुम्हाला किल्ली देणार आहे का? वकिलाची फी तुम्हाला जड जाते, कोर्सची फी जात नाही! तो कोर्स विकणारा एकदा तरी लिलावात पंचवीस टक्के भरून आलाय का, विचारलंत? मिळकतपत्रिका काढा. तीस वर्षांचा सर्च रिपोर्ट, म्हणजे जागेच्या जुन्या व्यवहारांचा तपास, वकिलाकडून घ्या. दिवाणी कोर्टात दावा पडलाय का, बघा. मुद्रांक शुल्काचे पैसे वेगळे ठेवा. आणि बोली लावायच्या आधी त्या मागच्या दाराची कडी एकदा तरी वाजवा. आत कोण राहतं ते विचारायला पैसे पडत नाहीत!