‘नाशकात गोचीड तापाचा रुग्णच नाही’ : पण शोधलाय कुणी?

नाशिकच्या शेतकरी आणि दूध उत्पादकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक मेसेज जोरात फिरतोय. मजकूर थोडक्यात असा : गोचिडांपासून होणाऱ्या आजारांच्या संशोधनावर आणि नोंदींवर सरकारी पैसा घालणं ही उधळपट्टी आहे. विषय गुरांचा आहे, जिल्ह्यात माणसाचा एकही रुग्ण नाही, गोचिडांतून पसरणाऱ्या लाइम आजाराचं खूळ अमेरिकेचं, फवारणी केली की काम संपतं, आणि गरज पडलीच तर औषध कंपन्या बघून घेतील.

‘विषय गुरांचा.’ थायलेरिया आणि बबेसिया हे गोचिडांतून पसरणारे परजीवी मुख्यतः गुरांचेच, मान्य. सिन्नर-निफाडकडे एचएफ (होल्स्टीन या विदेशी जातीची) गाय गोचीड तापाने बसली की त्या घराचा महिन्याचा हिशोबही बसतो. तेवढ्यासाठीसुद्धा सरकारने खर्च करायला हरकत नाही. पण 1957 साली कर्नाटकात शिमोग्याजवळच्या क्यासनूर जंगलात माकडं मेली आणि माणसं तापाने फणफणली, तो विषाणूही गोचिडांतूनच पसरत होता. हा माकडताप 2016 मध्ये सिंधुदुर्गातल्या दोडामार्ग तालुक्यात आला. गोचिडांतूनच पसरणारा दुसरा विषाणू, काँगो तापाचा, तर आणखी जवळ आलाय. जानेवारी 2011 मध्ये गुजरातेत साणंदजवळच्या एका गावातली बाई त्याने गेली, आणि तिच्यावर उपचार करणारे डॉक्टर व नर्सही गेले. या विषाणूने जनावर आजारी दिसत नाही, म्हणून गोठ्यातून आधी इशारा मिळत नाही. सुरगाणा आणि पेठची शीव गुजरातला लागून आहे, आणि बाजाराला निघालेल्या जनावरावरचा गोचीड काही हद्द बघून उतरत नाही.

‘जिल्ह्यात एकही रुग्ण नाही.’ मेसेजमधला सगळ्यात पटणारा मुद्दा हाच, आणि सगळ्यात पोकळही हाच. पावसाळ्यात कुणाला ताप आला की आपल्याकडे क्रम ठरलेला : डेंग्यू, मलेरिया, विडाल (टायफॉइडची रक्तचाचणी). विडाल बऱ्याचदा पुसटशी का होईना पॉझिटिव्ह येते, मग टायफॉइड समजून सेफ्ट्रिॲक्सोनच्या सलाइनी चालू. गोचिडांतून येणारा रिकेट्सियाचा जंतू रक्तवाहिन्यांच्या आतल्या पेशींत घुसून बसतो; तिथे हे औषध चालत नाही. ताप हटत नाही, अंगावर, अगदी तळहात-तळपायांवरही, पुरळ उठतं. एखाद्या अनुभवी डॉक्टरला शंका आली आणि त्याने डॉक्सिसायक्लिन हे प्रतिजैविक दिलं, तर बहुतेक वेळा दोन दिवसांत ताप उतरतो. रुग्ण घरी जातो आणि कार्डावर लिहिलं जातं ‘व्हायरल फिव्हर’. निदान चुकलं तरी नोंद नाही, बरोबर आलं तरी नाही. रिकेट्सियासाठीची वेल-फेलिक्स ही पहिल्या महायुद्धाच्या काळातली चाचणी अनेक ठिकाणी अजून वापरात आहे, तिच्यावर फार विसंबता येत नाही; रक्तातली प्रतिपिंडं शोधणारी आयजीएम एलायझा चाचणी बरी, पण तिचं किट हाताशी असावं लागतं. थोडक्यात, मेसेजवाले ज्या शून्यावर उड्या मारतायत तो चाचणी न केल्याचा शून्य आहे. आणि पैसा नको म्हणतायत तो नेमका चाचणीसाठीच.

‘लाइम अमेरिकेचं खूळ.’ लाइम नाशिकचा प्रश्न नाही, हे खरंच. तो पसरवणारा अमेरिकेतला काळ्या पायांचा गोचीड आपल्याकडे नाही. पण उदाहरण काढलंच आहे तर पुरतं बघावं. तिथे वर्षाला साधारण 30 ते 40 हजार रुग्ण नोंदले जायचे. विम्याच्या कागदपत्रांवरून अंदाज काढला तेव्हा दरवर्षी सुमारे 4,76,000 लोकांवर लाइमचे उपचार होत असल्याचं दिसलं. 2022 मध्ये नोंदीची व्याख्या बदलली, आणि आकडा एकदम 62 हजारांच्या पुढे गेला. एवढी यंत्रणा असलेल्या देशाच्या वहीची ही गत, तर आपल्या कोऱ्या पानावर कितीसा भरवसा ठेवायचा?

‘फवारणी करा, झालं.’ डेल्टामेथ्रिन, सायपरमेथ्रिन या फवारणीच्या औषधांना न जुमानणारे गोचीड देशात अनेक ठिकाणी सापडलेत. शिवाय मादी हजारोंनी अंडी घालते ती जनावराच्या अंगावर नव्हे, गोठ्याच्या भेगांत आणि जमिनीत. कुठलं औषध कुठे निकामी झालंय हे तपासायलाही प्रयोगशाळाच लागते.

‘कंपन्या बघतील.’ काय म्हणून बघतील? डॉक्सिसायक्लिनचं पेटंट कधीच संपलंय, गोळी काही रुपयांना मिळते. माकडतापाचा धोका जंगलात लाकूडफाटा गोळा करणाऱ्यांना, त्यात नफा कुठला. त्याची लस कर्नाटक सरकारने वर्षानुवर्षं टोचली, ती पुरेशी काम करत नाही म्हणून अखेर थांबवावी लागली, आणि नवी लस शोधण्याचं काम पुन्हा सरकारी संस्थांकडेच आलं. क्यासनूरचा विषाणू ओळखला तो पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्राने, म्हणजे आजच्या एनआयव्हीने (राष्ट्रीय विषाणू संस्थेने). ते केंद्र 1952 मध्ये, माकडं मरायच्या पाच वर्षं आधी उभं राहिलं होतं. 2011 मध्ये गुजरातचे नमुनेही तिथेच तपासले गेले.

राहिला ‘उधळपट्टी’ हा शब्द. हॉटेलात परिसंवाद आणि चकचकीत पुस्तिका यांवर पैसा जाणार असेल तर मीही मेसेजवाल्यांच्या बाजूने. मागणी साधी आहे : जिल्हा रुग्णालयात एलायझाची किट वर्षभर असावीत, घोटीसारख्या जनावरांच्या बाजारांतून आणि सुरगाणा-पेठच्या गोठ्यांतून गोचीड गोळा करून पुण्याला तपासायला जावेत, आणि पशुसंवर्धन व आरोग्य या दोन विभागांनी आपापले आकडे दर महिन्याला एकमेकांना दाखवावेत. आरोग्य विज्ञान विद्यापीठ तर इथेच म्हसरूळला आहे. विद्यार्थ्यांना प्रबंधाला विषय हवेच असतात.