एक वळू बास आहे, बाकीचे विकून टाका

मंडळी, जनावरांची एखादी देशी जात नामशेष करायचं मनावर घेतलं असेल तर आधी एक गैरसमज काढून टाका, त्यासाठी कत्तल बित्तल काही लागत नाही. रोगराईचीही वाट बघायला नको. कत्तलीचा तर उलट तोटा, लोक जागे होतात, सह्यांची मोहीम निघते, आणि मरणाला टेकलेली जात परत उभी राहते. त्यापेक्षा प्रेम करा. भरपूर करा, पण सगळ्या जातीवर नको हं, त्यातल्या एकाच वळूवर.

गणित अगदी सोपं आहे. समजा तुमच्या जातीच्या हजार गायी आहेत आणि वळू एक, तोच तो, रुबाबदार, सगळ्यांच्या गळ्यातला ताईत. आता आनुवंशिक विविधतेच्या हिशोबात ही जात खरी किती डोक्यांची आहे ते काढायला नरांची संख्या गुणिले माद्यांची संख्या गुणिले चार करा, आणि त्याला नर अधिक माद्या या बेरजेने भागा. चार हजार भागिले एक हजार एक. उत्तर आलं चार, तेही पुरतं नाही. म्हणजे कुरणात 1001 जनावरं चरतायत पण आनुवंशिक हिशोबाने ती जेमतेम चार डोकी! गायी वाढवून बघा, लाख करा, उत्तर चारच्या वर सरकत नाही. आणि गंमत म्हणजे हा आकडा फोटोत दिसत नाही, फोटोत दिसतात हजार गायी, त्यामुळे खुशाल "जात सुरक्षित आहे" असं छापून मोकळं व्हायचं.

कोणीतरी शहाणा येऊन म्हणेल की वेगवेगळ्या घराण्यातले 20 वळू ठेवा. त्याचं ऐकू नका, कारण त्याच गणितात 20 वळू घातले की उत्तर 78 येतं, आणि हा आकडा 50 च्या खाली जाऊ देऊ नका असं जगातले जाणकार सांगत असतात, म्हणजे तुमची सगळी मेहनत पाण्यात.

तर वळू एकच. त्याची पहिली पिढी जन्माला आली की ती सगळी एकमेकांची सावत्र भावंडं, मग त्यांचीच आपसात लागवड करा, झालं, पुढच्या वासरात अंतःप्रजनन, म्हणजे नात्यातल्या नात्यातलं प्रजनन, 12.5 टक्के. घाई असेल तर लेकीला बापाचीच कांडी (गोठवलेल्या वीर्याची नळी) भरा, 25 टक्के एका फटक्यात. हे सगळं सुरळीत चालायचं तर कोणत्या गायीला कधी कोणाची कांडी भरली याची वही मात्र ठेवायची नाही. वही असली की माणूस भरायच्या आधी मागचं पान उलटून बघतो आणि थबकतो. वही नसली की गाय माजावर आली, फोन केला, आला तो, होती ती कांडी भरली, गेला. नंतर गाय परत परत उलटायला, म्हणजे गाभ न राहता पुन्हा माजावर यायला लागली, वासरं किरकोळ निघायला लागली तर चाऱ्याला दोष द्या, हवेला द्या, शेजाऱ्याच्या नजरेला द्या.

हे मी मनाचं सांगत नाहीये, मोठमोठ्या लोकांनी करून दाखवलंय. होलस्टीन गायी घ्या, जगातली सगळ्यात गाजलेली दुधाची जात. अमेरिकेत त्यांची संख्या लाखोंनी मोजतात आणि आनुवंशिक हिशोबात ती शंभराच्या आत येते. 1962 साली जन्मलेला पॉनी फार्म आर्लिंडा चीफ नावाचा एक वळू होता, त्याला 16,000 लेकी झाल्या, 5 लाख नाती, आणि पणत्या 20 लाखांच्या वर. आता एवढ्या गुणी वळूत दोष कसा असेल? होता. त्याच्या एका जनुकात बिघाड होता, एकच प्रत बिघडलेली असली की जनावर ठणठणीत, काही कळत नाही, पण आई आणि बाप दोघांकडून तीच बिघडलेली प्रत आली की गर्भ पोटातच मरतो. पणत्या नि पणतू एकत्र यायला लागल्यावर हे व्हायचंच होतं. नेमका बिघाड 2016 मध्ये छापून आला, तोवर जगभरात अंदाजे 5 लाख गायी गाभडल्या होत्या आणि नुकसान 42 कोटी डॉलरच्या घरात गेलं होतं. पण थांबा, खरी शिकवण पुढे आहे. याच वळूमुळे वाढलेल्या दुधाची किंमत काढली तर ती 3,000 कोटी डॉलर भरली! म्हणजे हिशोब नफ्यातच. (म्हणूनच तर कोणी थांबत नाही हो. तोटाच झाला असता तर पहिल्या दहा वर्षात शहाणपण आलं असतं.) पुढे टॉयस्टोरी नावाच्या वळूने 24 लाख कांड्यांचा टप्पा ओलांडला, लोकांनी कौतुकच केलं.

दुसरं काम मोजमापाचं. दूध मोजा, फक्त दूध. जनावर उन्हात किती तग धरतं, गोचीड किती सोसतं, पाण्यासाठी किती चालतं, कोणाच्या मदतीशिवाय वितं का, हे कागदावर कुठेही येऊ द्यायचं नाही, कारण एकदा का हे रकाने आले की देशी जनावराचे मार्क वाढायला लागतात. पश्चिम आफ्रिकेतल्या एन्डामा गायी बघा ना, दिसायला बुटक्या, दूध नावापुरतं. पण त्सेत्से माशीच्या चाव्यातून जो रोग होतो, ज्याने बाहेरून आणलेली धडधाकट जनावरं खंगून मरतात, तो रोग अंगात घेऊन या चरत असतात. लिटरच्या रकान्यात हे कुठे बसवणार? नाहीच बसत, मग सोडून द्या. युगांडात लांबलचक शिंगांच्या अंकोले गायी होत्या, दूध कमी म्हणून लोकांनी त्या देऊन होलस्टीन घेतल्या, सगळं छान चाललं होतं, मग दुष्काळ पडला. अंकोले लांबच्या पाणवठ्यापर्यंत चालत गेल्या आणि जगल्या, भारीतल्या गायींना तेवढं चालवेना, ज्यांनी सगळ्या बदलल्या होत्या त्यांचे गोठे रिकामे झाले. आता दुष्काळ काय रोज पडतो का!

संकराबद्दल एक नाजूक सूचना. संकर वाईट नाही बरं का, नीट आखून केला, मूळ जात बाजूला शुद्ध राखली तर तो फायद्याचाच असतो, म्हणून तो नीट आखून करायचा नाही. केनियात कसं झालं ते बघा. रेड मसाई नावाची तिथली मेंढी, हिच्या पोटात रक्त पिणारे जंत असले तरी ती बऱ्यापैकी टिकून राहते, औषधाविना. पण अंगाने लहान. 1970 च्या दशकाच्या मध्यात सरकारी सवलतीत डॉर्पर या बाहेरच्या, अंगाने मोठ्या जातीचे मेंढे वाटले गेले, पहिली पिल्लं काय झकास निघाली, वजनदार, सगळे खूष, आणि पुढे काय करायचं, किती पिढ्या करायचं, कुठे थांबायचं हे कोणी धड सांगितलंच नाही. लोक करत गेले. ओल्या भागात डॉर्पर रक्त वाढलेली मेंढरं जंतांनी लोळायला लागली तेव्हा जुनी मेंढी आठवली, तर 1990 च्या दशकाच्या सुरुवातीला संशोधकांना शुद्ध रेड मसाई शोधायला वणवण करावी लागली. पहिल्या पिढीचा तजेला दाखवून पुढच्या चार पिढ्या विकायच्या, ही युक्ती मी तर फ्रेम करून लावीन.

जी जनावरं अगदीच बिनकामाची वाटतात त्यांच्याकडे तर बघूही नका. स्कॉटलंडच्या वर ऑर्कनी बेटांत नॉर्थ रोनाल्डसे नावाची मेंढी आहे, 1832 मध्ये बेटाभोवती दगडी भिंत घालून तिला शेतातून बाहेर काढलं, समुद्राकडच्या बाजूला, तेव्हापासून ती मुख्यतः समुद्री शेवाळावर जगते. त्या खाण्यात तांबं इतकं कमी की तिचं शरीर कण न् कण शोषून घेतं, इतकं की साध्या कुरणातल्या गवताने तिला तांब्याची विषबाधा होऊ शकते. असलं शरीर घडायला किती पिढ्या गेल्या असतील, आणि घालवायला एक कडक हिवाळा किंवा एक साथ पुरे. बंगालची गरोळ मेंढी तशीच, एवढीशी. 18व्या शतकाच्या शेवटी काही ऑस्ट्रेलियाला गेल्या, तिथल्या मेरिनो या लोकरीच्या मेंढ्यांच्या कळपात मिसळल्या, आणि पुढे शास्त्रज्ञांना कळलं की एका वेताला जास्त कोकरं देणारं तिकडचं नावाजलेलं जनुक या एवढ्याशा मेंढीकडून आलंय. कळायला दीडशे-दोनशे वर्षं लागली. तेवढा धीर आपल्याला नाही हे बरं.

कोणी फारच मागे लागलं तर "जनुकपेढी केलीय" म्हणून सांगा, तोंड बंद होतं. उणे 196 अंशाच्या द्रव नायट्रोजनमध्ये चार कांड्या बुडवल्या की जात वाचली असं समजायची पद्धत आहे. कांडीत नुसता बापाचा अर्धा वाटा असतो, गायी संपल्यावर तो दुसऱ्याच जातीच्या गायीत भरून पाच-सहा पिढ्या परत परत तोच संकर करत बसावं लागतं, आणि तेव्हाही आईकडून येणारा काही भाग परत येतच नाही, हे बोलायचं नाही. शिवाय नायट्रोजन उडून जातो, टाकी वेळेवर भरावी लागते, भरणाऱ्याची बदली होते, टेंडर अडकतं. तेही बोलायचं नाही. न्यूझीलंडच्या दक्षिणेला एंडरबी बेटावर गायींचा रानटी कळप होता, 1990 च्या दशकाच्या सुरुवातीला तो संपवला, मग लेडी नावाची एकच गाय हाती लागली आणि 1998 मध्ये तिचं क्लोन करावं लागलं. आधी बंदुका, नंतर प्रयोगशाळा, दोन्हीकडे बजेट खर्ची पडलं, अजून काय पाहिजे!

मोजणी तर टाळाच. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेच्या 2015 सालच्या जागतिक अहवालात पाळीव जनावरांच्या 17 टक्के जाती धोक्यात निघाल्या, आणि 58 टक्के जातींचं काय चाललंय तेच माहीत नाही. आपल्याला या 58 टक्क्यांत राहायचंय. तिथे बातमी होत नाही.

आणि शेवटचं, कायदा. केरळात 1961 मध्ये पशुधन सुधारणेचा कायदा आला, परवान्याशिवाय वळू ठेवायचा नाही, देशी वळूंचं खच्चीकरण करायचं. नाव बघा, सुधारणा! जेमतेम 90 सेंटीमीटर उंचीच्या वेचूर गायी अशा मजेत आटोपत आल्या होत्या. पण 1989 मध्ये सोसम्मा आयप नावाच्या प्राध्यापिका विद्यार्थ्यांना घेऊन गावोगाव फिरल्या, कोणाच्या परसात एक, कोणाकडे दुसरी अशा गायी हुडकून काढल्या, आणि झालेलं काम बिघडलं. जात आज जिवंत आहे, बाईंना 2022 मध्ये पद्मश्रीसुद्धा मिळाली.

तेव्हा असली माणसं दारात आली, गोठ्यात डोकावायला लागली, बारक्या वशिंडाच्या त्या खोंडाकडे बोट दाखवून "हा कुठल्या घराण्यातला?" असं विचारायला लागली तर चहा पाजा, गोड बोला, आणि सांगा की याचा कालच सौदा झालाय, घ्यायला माणूस येतोच आहे.