अशोकाचा तेरावा लेख आणि चाळीस मिनिटांचा तास

शाळेत 'इतिहासाची साधनं' हा धडा झाला की मुलांच्या हाती एक शब्द लागतो: पक्षपाती. बखर? पक्षपाती. परकी प्रवासी? पक्षपाती. राजाचा शिलालेख? तो तर असायचाच. एकदा शिक्का मारला की वाचायची गरजच उरत नाही. काहीच न शिकवण्यापेक्षा हे अर्धवट शिकवणं मला जास्त घातक वाटतं. पाठांतर करणाऱ्या मुलाला निदान आपण चिकित्सा करतोय असं वाटत तरी नसतं.

इतिहासकारालाही माहीत असतं की प्रत्येक साधन कुणाच्या तरी बाजूचं आहे. त्याचा प्रश्न त्यानंतर सुरू होतो. हा कागद मला कशाबद्दल सांगू शकेल आणि कशाबद्दल नाही? मुलांना हे करून दाखवावं लागतं, व्याख्या देऊन जमत नाही.

अशोकाचा तेरावा शिलालेख घ्या. राज्याभिषेकाला आठ वर्षं झाल्यावर कलिंग जिंकलं, दीड लाख माणसं तिथून हलवली, एक लाख मारली गेली, त्याच्या कितीतरी पट मेली आणि राजाला पश्चात्ताप झाला, असं तो लेख सांगतो. पाठ्यपुस्तक बहुधा इथेच थांबतं. वर्गात मात्र त्यातला आणखी एक भाग वाचायला द्या. जंगलातल्या लोकांना तिथे बजावलंय की राजा क्षमाशील असला तरी त्याच्या हातात सत्ता आहे, तेव्हा सुधारा, नाहीतर मारले जाल. पश्चात्ताप आणि धमकी एकाच लेखात! मुलं इथे हमखास जागी होतात.

दुसरा कागद धौलीचा. धौली आणि जौगड ही प्रत्यक्ष कलिंगातली ठिकाणं. तिथे अशोकाचे बाकीचे मोठे लेख आहेत, पण अकरा, बारा आणि तेरा नाहीत. त्यांच्या जागी तिथल्या अधिकाऱ्यांना उद्देशून दोन वेगळे लेख कोरले आहेत, त्यात 'सगळी माणसं माझी लेकरं' असं वाक्य येतं. मग प्रश्न असा: कलिंगच्या युद्धाची कबुली कलिंगातच का नाही? उत्तर एकच नाही. म्हणूनच हा प्रश्न चाळीस मिनिटं पुरतो.

तासाची आखणी साधी ठेवा. पहिली पाच मिनिटं पार्श्वभूमी, त्याहून जास्त नको. मग मजकूर झाकून फक्त वरची ओळ दाखवा: कुणी कोरवलं, कधी, कुठे, कुणासाठी. 'यात काय असेल आणि काय नसेल?' याचा अंदाज वहीत लिहून घ्या. ही पायरी गाळली की मुलं मजकूर वरून खाली वाचत सुटतात आणि लेखकाचं नाव शेवटी, तेही जमलं तर, पाहतात. त्यानंतर दोघादोघांत वाचन, पंधरा मिनिटं. उतारा दीडशे शब्दांच्या आत हवा. भाषा सोपी केली असेल तर तसं लिहा आणि मूळचे दोन-तीन शब्द राहू द्या. दहा मिनिटं चर्चा. उरलेल्या वेळात प्रत्येकाने तीन वाक्यं लिहायची: माझा दावा, त्याला आधार असलेले उताऱ्यातले शब्द, आणि माझा दावा कशामुळे कोसळू शकेल.

फसतं कुठे? उत्साहाच्या भरात शिक्षक पाच-सहा कागद देतात, मुलं चाळतात आणि वाचत काहीच नाहीत. 'तुम्ही अशोक आहात अशी कल्पना करा' या उपक्रमातून आजच्या मुलाच्याच भावना बाहेर येतात. आणि शेवटी शिक्षक 'खरं उत्तर' सांगून टाकतात. एकदा असं झालं की पुढच्या वेळी वर्ग तुमच्या तोंडाकडे बघत बसतो.

आणखी एक सवय चिवट असते: दोन कागद भांडले की मधलं काहीतरी खरं धरायचं, नाहीतर हात मोजायचे. त्यावर शिवजन्माच्या तारखेचा वाद उत्तम. नंतरच्या काही बखरींत शके १५४९ चा वैशाख आहे, म्हणजे १६२७. लोकमान्य टिळकांनी १९१६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या जेधे शकावलीत, म्हणजे जेधे घराण्याकडच्या सालवार नोंदींत, शके १५५१, फाल्गुन वद्य तृतीया आहे, म्हणजे १९ फेब्रुवारी १६३०. शिवरायांच्याच काळातल्या परमानंद कवीच्या शिवभारत या संस्कृत काव्यातही तीच तिथी आहे. सरासरी काढून १६२८ म्हणायचं का? तीन बखरी एकमेकींवरून उतरल्या असतील तर साक्षीदार तीन की एक? आणि शिवभारत-शकावलीच्या जोडीलाही हाच प्रश्न विचारायचा, आपल्याला पटलेली बाजू आहे म्हणून सूट नाही.

परीक्षेत बदल झाला नाही तर यातलं काही टिकत नाही, हे मात्र मान्य. पाच गुणांचा एक प्रश्न पुरे: न पाहिलेला छोटा उतारा, वर त्याची माहिती. एक गुण माहितीची ओळ वापरल्याचा, दोन उताऱ्यातल्या शब्दांच्या आधाराचे, दोन 'आणखी कोणता कागद मिळाला तर बरं, आणि का' याचे. नुसतं 'पक्षपाती आहे' लिहिलं तर शून्य. कुणाच्या बाजूने, कोणत्या शब्दांतून दिसतं आणि तरीही कशासाठी उपयोगी, एवढं लिहिलं तर मग द्या की पूर्ण गुण.